खाली उतरायचं कारण

माझ्या बायकोचा गुडघा बदलला, त्याला आता बराच काळ लोटलाय. त्या दिवसांत मला आलेला राग मात्र अजून नवाकोरा आहे. गुडघ्याची गॅरंटी दवाखान्याने दिली होती, रागाची कोणी दिली नव्हती. तरी दोघांत रागच जास्त टिकेल असं दिसतंय.

आमचं घर बऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यात. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही, मध्ये जिना. जिना म्हणायचा एवढंच. खरं तर ती भिंतीला टेकवलेली शिडीच आहे, आणि कठड्याऐवजी वरून एक जाड दोर सोडलेला आहे. लग्न करून आली तेव्हापासून बायको तो दोर धरून वर-खाली करत आलीय. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गुडघा बदलला तेव्हा या जिन्याबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. बाई, तुम्ही राहता कुठे? घरात चढ-उतार आहे का? तुम्हाला भीती कशाची वाटते? छे! आमचा स्कूटर दुरुस्त करणारासुद्धा विचारतो, "गाडी कोणत्या रस्त्यानं चालवता सर?" इथे अख्खा सांधा बदलला, आणि रस्ता कोणता ते विचारायला कोणाला सवड नव्हती.

निघताना हातात एक रंगीत कागद दिला. त्यावर एक गोरी बाई, अर्धी चड्डी घालून गादीवर पडलेली, पाय वर, शेजारी बाण. आमच्या हिने तो कागद पाहिला, घडी केली आणि पिशवीत पार तळाला घातला. पुन्हा काही तो वर आला नाही. साडी नेसून हे कसं करायचं, ते त्या बाणाने सांगितलं नव्हतं.

आता हिला वर कसं न्यायचं? खुर्चीत बसवून. चौघे उचलतील आणि मी सूचना देईन, असं मी ठरवलं. सूचना मीच का, तर माझा अनुभव. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण ज्या वर्षी नोकरीला लागलो त्याच वर्षी पी.टी.चे सर सोडून गेले. हेडमास्तरांनी स्टाफरूममधून एकदा नजर फिरवली आणि ज्याच्या पोटाचा घेर सगळ्यात कमी होता त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली. तो गळा माझा. व्यायामशास्त्राचं माझं शिक्षण एवढ्यावर पूर्ण झालं. शिट्टी वाजली की पोरं पळतात, पुन्हा वाजली की थांबतात. या ज्ञानावर मी निवृत्तीपर्यंत निभावून नेलं.

खुर्ची जिन्याच्या मध्यावर आली. कोणाचा तरी पाय चुकतोय असं मला खालून वाटलं आणि मी शाळेच्या आवाजात ओरडलो, "थांऽऽब!"

तिघे जागच्या जागी थांबले. चौथा माझा धाकटा भाऊ. तो बहादरपूरला केळीची शेती करतो आणि तो माझ्या शाळेत शिकलेला नाही. तो चढतच राहिला. खुर्ची तिरकी झाली.  बायकोने दोर धरला. त्या क्षणी तिला अख्खा जिना उलटा दिसला असणार. पार खाली उंबरा, उंबऱ्यावर मी, आणि माझं उघडं तोंड.

कोणी पडलं नाही. खुर्ची सरळ झाली, वर गेली. भावाने घाम पुसत विचारलं, "दादा, तुम्ही काबर ओरडले?" मी म्हणालो, सुरक्षिततेसाठी.

तर अशी त्या दिवशी वर गेलेली बायको पुन्हा काही खाली उतरली नाही.

जखम भरली. टाके निघाले. वॉकर घेऊन ती स्वयंपाकघरात जाऊ लागली, मग वॉकर सोडून भिंत धरून, मग भिंतही सोडून. सपाट जमिनीवर बाई ठणठणीत. पण जिन्याच्या तोंडाशी आली की हात दोराला जायचा आणि पाय तिथेच रोवला जायचा. "माझ्यानं नाही होत," म्हणायची आणि मागे फिरायची.

मी ट्रंकेतून शिट्टी काढली. रोज सकाळी तिच्या पलंगाशेजारी उभा राहून, "गुडघाऽऽ मोड! गुडघाऽऽ सोड!" दुसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "ती शिट्टी पुन्हा वाजली ना, तर मी वॉकर फेकून मारीन. आणि नेम माझा चांगला आहे, तुम्हाला ठाऊक आहे." शिट्टी परत ट्रंकेत गेली.

त्यातच भेटायला येणारे. या लोकांवरचा माझा राग तर मी मेल्यावरही विझणार नाही. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस एका हातात केळी आणतो. बऱ्हाणपुरात केळी आणणं म्हणजे तापीत पाणी ओतणं, पण ते असू द्या. दुसऱ्या हाताने तो एक मेलेला माणूस आणतो. हिची एक चुलत सासू आली. पलंगाच्या कडेला टेकली, हिच्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझी नणंद होती ना, तिनंबी बदलला होता बरं. असाच मस्त. मग एक दिवस जिन्यावरून पाय सरकला, अन् काही उठली नाही बापा ती. तू काही काळजी करू नको हो."

काळजी करू नको! मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, तो ओट्यावर सांडला. आणि त्या चुलत सासूबाई तो चहा दोनदा मागून प्यायल्या.

मी काय केलं, तर बायकोला खाली उतरावंच लागू नये अशी व्यवस्था केली. मला तेव्हा त्या व्यवस्थेचा मोठा अभिमान होता. गॅलरीतून दोरीने टोपली सोडायची, भाजीवाली त्यात गिलकी, मेथी घालायची, टोपली वर. शिंपी मापाला वर यायचा. बांगडीवाली वर. मंगळवारचं भजन समोरच्या काकूंकडे असायचं, ते मी सगळ्या बायकांना विनवून आमच्या बैठकीत आणलं. लोक म्हणायचे, "सर, किती करून राहिले हो तुम्ही वहिनींसाठी!" मी मान खाली घालायचो. खाली घातलेली मान छान दिसते, असं मला कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं.

पण ती खाली येईना ती येईनाच. शेवटी मी तिच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि एकटाच मोठ्या शहरातल्या त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तो व्हिडिओ शिंक यायला लागतो तेवढा वेळ पाहिला. म्हणाले, "परफेक्ट! गुडघा एकदम परफेक्ट आहे. चालवा त्यांना."

"साहेब, गुडघा परफेक्ट असेल. पण तो वर अडकलाय."

"मग उतरवा," म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी बाहेर येऊन काउंटरवर जे काही बोललो ते शिक्षकी पेशाला शोभणारं नव्हतं. एका निवृत्त शिक्षकाचा आवाज केवढा लागू शकतो ते त्या दिवशी तिथल्या सगळ्या पेशंटना कळलं. हाड बघणारा वेगळा, स्नायू बघणारा वेगळा आणि माणूस बघणारा कोणीच नाही, असं काहीसं मी म्हणत होतो. तेवढ्यात मागून कोणीतरी मराठीत विचारलं, "काका, जिना किती उभा आहे?"

एक मुलगी. पाठीला सॅक, हातात हेल्मेट. मूळची आमच्याच बऱ्हाणपूरची, तिथे काही कामाला आली होती. आधी ती मानसशास्त्र शिकली, मग व्यायामशास्त्र, आणि आता दोन्ही एकत्र करून ती लोकांना उभं करते, असं तिने सांगितलं. मला त्यातलं काही फारसं कळलं नाही. पण जिना किती उभा आहे, असं विचारणारा जगातला पहिला माणूस मला भेटला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, काउंटरवाला काहीतरी लागट बोलला.

ती पहिल्यांदा घरी आली आणि येताच तिने काय केलं? मला खोलीबाहेर काढलं.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसा ना, प्लीज."

मला! माझ्या घरात! ज्याने तिला शोधून आणलं त्याला! मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो, दाराला कान लावून. आत काय बोलणं चाललंय ते ऐकणं हा माझा हक्क होता.  आधी हसण्याचा आवाज आला. ही हसत होती. कित्येक आठवड्यांत माझ्यासमोर ती एकदाही हसली नव्हती.

मग मुलीचा आवाज आला, "काकू, जिन्याशी उभं राहिल्यावर भीती नेमकी कशाची वाटते? पडण्याची?"

"नाही गं. ह्यांच्या 'अगंऽऽ'ची."

मी दारापासून कान काढला. मग पुन्हा लावला.

"मी पाय उचलला रे उचलला की हे खालून किंवा मागून ओरडतात, 'अगंऽऽ सांभाळून!' तो आवाज आला की मला ती खुर्ची आठवते. पाय दगड होतो."

या अपमानाने मी जो उठलो तो सरळ दोरात अडकलो आणि पायरीवर आपटलो. दार उघडलं. दोघी मला पाहत होत्या. बायको म्हणाली, "अहो, सांभाळून."

त्या दिवशी तहाच्या अटी ठरल्या. ती मुलगी शिकवत असताना माझ्या तोंडून दोन शब्द निघायचे नाहीत, 'अगं' आणि 'सांभाळून'. मी विचारलं, मग नवऱ्याने बोलायचं काय? ती म्हणाली, "काहीच नको." लग्नानंतर कोणी मला इतक्या थोडक्यात वाटेला लावलं नव्हतं.

मी चिडून होतो, पण बघत होतो. तिने काही मशीन आणलं नाही. देवघरातला पाट मागितला. पाटावर चढायचं, पाटावरून उतरायचं, भिंतीला हात लावून. "खाली येताना दुखरा पाय आधी, वर जाताना चांगला पाय आधी," असं ती सांगायची. मी शाळेत पोरांना नेमकं उलटं सांगत आलो होतो, ते मी तिला सांगितलं नाही. पाऊल टाकताना श्वास सोडायचा. का, ते तिने हिला समजावलं, आणि दाराआडून मलाही.

"काकू, भीती वाटली की मांडीचे स्नायू आखडतात. आखडलेला पाय खरोखर नीट टेकत नाही. म्हणजे भीतीनं पाय डगमगतो, आणि पाय डगमगला की भीती वाढते. आपण नुसती मांडी मजबूत केली तर अर्धंच काम होईल. भीतीला पण रोज थोडा थोडा व्यायाम द्यायचा."

"भीतीला व्यायाम?" ही म्हणाली. "ह्यांना द्या मग. ह्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे."

रोज सुरुवातीला ती विचारायची, "आज भीती केवढी आहे?" आणि ही स्वयंपाकघरातल्या मापाने सांगायची. पहिल्या दिवशी भोपळ्याएवढी. मग पपईएवढी. पाट सोडून ही जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर नुसतं उभं राहायला लागली, त्या दिवशी पुन्हा भोपळा. मुलगी म्हणाली, चालेल, भोपळा तर भोपळा, उभ्या राहा. ती स्वतः एक पायरी खाली, हिच्याकडे तोंड करून उभी राहायची. काही दिवसांनी लिंबू झालं.

एकदा तिने हिला विचारलं, "काकू, खाली उतरून तुम्हाला करायचंय काय?"

मला वाटलं, देवळात म्हणेल, तापीवर म्हणेल. ही म्हणाली, "मला बहादरपूरला भरताला जायचंय."

हे बाहेरच्याला सांगावं लागेल. थंडीत आमच्या खानदेशी घरांत शेतावर वांग्याच्या भरताचा बेत असतो. मोठी हिरवट वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात भाजायची. मग सोलून बडजीत, म्हणजे लांबट लाकडी भांड्यात, लाकडाच्या दांड्याने ठेचायची. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. केळीच्या पानावर भरीत आणि सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. भावाच्या शेतावर दर हिवाळ्यात हा बेत होतो, आणि ठेचायचं काम माझ्या बायकोचं. दुसऱ्या कोणाला ती दांड्याला हात लावू देत नाही. ठेचताना ती सगळ्या खानदानाचा समाचार घेते, प्रत्येक ठोक्याला एक माणूस. आम्ही जेवायला जातो तेवढेच तेही ऐकायला जातो.

"मग तेच आपलं टार्गेट," मुलगी म्हणाली.

आता माझी अक्कल ऐका. भरताचा दिवस ठरला. जिन्याचं काम अजून वरच्या काही पायऱ्यांवरच अडलं होतं. मी मनात म्हटलं, हिला काही तोवर उतरणं जमणार नाही. सगळे शेतावर जातील, ही घरात एकटी बसून रडेल. मग मला सुचलं ते सांगताना आजही कान तापतात. मी भावाला फोन केला. म्हटलं, या वर्षी भरीत आमच्या घरी, वर, बैठकीला लागून असलेल्या उघड्या गच्चीवर. हिला काही सांगू नको.

सकाळी भाऊ आणि त्याची बायको आले. दोराला धरून त्यांनी वांग्यांची पोती वर आणली, कपाशीच्या काड्यांचा भारा वर आणला, केळीची पानं, बडजी. सगळ्यात शेवटी मी हिचे डोळे दोन्ही हातांनी झाकले, हिला गच्चीच्या दारात आणलं आणि हात काढले.

चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो विझला.

तिने वांग्यांकडे पाहिलं. बडजीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मी उतरणार नाही, असं तुमचं ठरलं तर."

"अगं, तसं नाही..." शब्द निघून गेला. तिने ऐकलासुद्धा नाही. आत गेली, पलंगावर बसली.

मी खूप चिडलो. इतकं सगळं केलं आणि वर हे! चिडून मी काड्या पेटवल्या. शेतात जाळ करणं आणि बुधवाऱ्यात गच्चीवर जाळ करणं यात फरक असतो, हे विज्ञानाच्या शिक्षकाला माहीत असायला हवं होतं. धूर वर जात नव्हता, आडवा चालला होता, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांमधून, समोरच्या काकूंच्या गॅलरीत, खालच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनपर्यंत. गल्लीतून ओरडा झाला, "आग लगी! मास्तरजी के घर आग लगी!" शेजारच्या गच्चीवरून एका भल्या माणसाने आमच्यावर बादलीभर पाणी ओतलं. ते जाळावर पडलं नाही. बडजीत पडलं, आणि उरलेलं माझ्यावर.

त्या धुरातून जिना चढून ती मुलगी आली, हेल्मेट घालूनच. ठिबकत असलेल्या माझ्याकडे पाहिलं, अर्धकच्च्या वांग्यांकडे पाहिलं आणि आत बसलेल्या हिच्याकडे. मग मला म्हणाली, आणि ती चिडली होती, खरीखुरी चिडली होती, "काका, तुम्ही त्यांचं कारणच वर आणून ठेवलं!"

"कोणतं कारण?"

"खाली उतरायचं! भाजी वर, शिंपी वर, भजन वर, आता भरीत पण वर. मग त्यांनी उतरावं कशासाठी? तुमची झेरॉक्स बघायला?"

मी म्हणालो, "मी तिच्या भल्यासाठी केलं." ती म्हणाली, "माहीत आहे. म्हणूनच तर त्यातून त्यांना सोडवता येत नाही." मी म्हणालो, "तू लहान आहेस. भीती ही काय चीज असते तुला ठाऊक नाही. ती खुर्ची तिरकी झाली तेव्हा तू नव्हतीस, मी होतो." तिने हेल्मेट काढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तेच तर, काका. त्या दिवसापासून तुम्ही अजून उंबऱ्यातच उभे आहात."

 माझा राग अजून टिकून आहे, त्यात या वाक्याचा वाटा मोठा आहे.

गल्ली ऐकायला तयार नव्हती. आग खाली घ्या, म्हणाले. भावाने सगळा संसार पुन्हा जिन्यावरून उतरवला, दुकानाच्या मागच्या अंगणात. वांगी गेली, काड्या गेल्या, पानं गेली, पाण्याने भरलेली बडजी उलटी करून गेली. शेवटी मीही ओल्या कपड्यांनी उतरलो. वर फक्त बायको आणि ती मुलगी. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच वर काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

अंगणात वांगी पुन्हा जाळावर चढली. वास सुटला, साली तडकायला लागल्या. भावाच्या बायकोने वांगी सोलली. मग तिने बडजी हातात घेतली, ओल्या लाकडाकडे पाहिलं, वर जिन्याकडे पाहिलं, आणि झेरॉक्सवाल्याला म्हणाली, "भाऊ, तुमच्या दुकानात प्लग हाये ना? ह्या मिक्सरची वायर लावा बरं."

मिक्सर! ती घरून येताना मिक्सर घेऊन आली होती, हे मला तेव्हा कळलं. भरताची वांगी मिक्सरमध्ये गेली आणि अंगणात घर्रर्र असा आवाज झाला. आमच्या भरताच्या बेतात असा आवाज आजवर झाला नव्हता. स्मशानात ढोल वाजवावा तसं ते होतं.

वरून आवाज आला, "कोण फिरवून राहिलं ते मिक्सर?"

 भावाच्या बायकोने पुन्हा बटण दाबलं. घर्रर्र.

"वांगी फिरवून राहिली का गं तू? वांगी?"

"हो ताई! पटकन होतं!"

 मग पायरीवर पाऊल पडल्याचा आवाज.

मी धावत जिन्याशी गेलो. खालच्या उंबऱ्यावर उभा राहिलो, नेमका त्याच जागी. वर जिन्याच्या तोंडाशी बायको, दोर हातात, आणि तिच्या एक पायरी खाली ती मुलगी, वर तोंड करून. दुखरा पाय आधी. श्वास सोडला. मग चांगला पाय शेजारी. मी बघत होतो आणि माझं तोंड उघडलं. मला ते जाणवलं. माझ्या हातात भाजलेल्या गरम वांग्याचा देठासकट तुकडा होता. तो मी अख्खा तोंडात कोंबला. जीभ भाजली, टाळू भाजली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तोंड बंद झालं.

जिन्याच्या मध्यावर, जिथे खुर्ची तिरकी झाली होती, तिथे ती थांबली. दोर घट्ट झाला. खाली पाहिलं. मी होतो. मुलीने हळूच विचारलं, "केवढी?"

"आहे," ही म्हणाली. "पण ते मिक्सर बंद व्हायला पाहिजे." आणि दुखरा पाय पुढे टाकला.

ती उंबऱ्यावर आली तेव्हा मी बाजूला झालो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ अंगणात गेली, स्टुलावर बसली, बडजी पुढ्यात ओढली आणि पदराने आतून पुसली. "दे इकडे," जावेला म्हणाली. "पिठलं केलंय का भरीत केलंय?"

"मी म्हटलंच होतं, मिक्सर लावल्याशिवाय ताई यायच्या नाहीत," जाऊ म्हणाली, आणि भाऊ हसला, आणि ती मुलगी भिंतीला टेकून हसली. म्हणजे यांचं आपसात काही ठरलं होतं की काय, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. घरातल्या कटांत मला कधीच घेत नाहीत.

पहिला ठोका पडला तो त्या चुलत सासूच्या नावाने. दुसरा दवाखान्याच्या नावाने. तिसऱ्याला तिने माझ्याकडे पाहिलं, थांबली, आणि म्हणाली, "तुम्ही काबर रडून राहिले?"

"तोंड भाजलं," मी म्हणालो. 

"इतका वेळ गप्प होते, मला वाटलं तुम्हीच कुठं पडले," ती म्हणाली आणि तिसरा ठोका माझ्या नावाने घातला.

सगळ्यांनी अंगणात पानं मांडली. मी नुसतं दही खाल्लं. उन्हं कलायला लागली, पानं उचलली आणि मग एकेक करून सगळ्यांची नजर जिन्याकडे गेली. आता ती वर कशी जाणार? भावाने झेरॉक्सवाल्याची खुर्ची हळूच पुढे सरकवली. बायकोने ती पायानेच बाजूला केली. नव्या गुडघ्याच्या पायाने.

मी तोंड उघडलं.

"वर जाताना चांगला पाय आधी," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माहीत आहे मला. तुम्ही भांडी आणा." आणि तिने दोर धरला.